कोझुमेलचा डे पास : सहा माणसे आणि सव्वापाच तास

पत्र : सप्रेम नमस्कार. आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गॅल्व्हस्टनहून निघणाऱ्या क्रूझवर आम्ही दोघे, आमची अकरा आणि पाच वर्षांची मुले आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे असे सहा जण जाणार आहोत. जहाज मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबेल. तिथल्या एखाद्या रिसॉर्टचा डे पास घेऊन दिवस समुद्रावर घालवावा, असे माझ्या मनात आहे. मामंजी म्हणतात, "जहाजावर तलाव आहे, जेवणाचे पैसे आधीच भरले आहेत, मग पुन्हा दुसऱ्या हॉटेलात जेवायला पैसे कशाला मोजायचे?" सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली आहे आणि त्या शाकाहारी आहेत. जहाज सुटून जाईल या धास्तीने माझे यजमान जहाजाकडूनच सहल घेऊ म्हणतात. पास घ्यावा की नाही, आणि घेतला तर कोणता? — एक वाचक, टेक्सास

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मामंजींचा आक्षेप चेष्टेवारी नेण्यासारखा नाही, म्हणून आरंभ तिथूनच करतो. कोझुमेलची बरीचशी समुद्रकाठची हॉटेले खोलीच्या भाड्यातच खाणेपिणे धरणारी आहेत, आणि त्यांचा डे पास म्हणजे तीच सोय, खोली वगळून, एका दिवसापुरती विकलेली. मनगटाला कागदी किंवा प्लास्टिकची पट्टी बांधली जाते आणि मग तलाव, खुर्च्या, बुफे आणि बार सगळे खुले होते. या पासच्या किमतीत बारचा वाटा मोठा असतो. दिवसभरात चार-पाच कॉकटेल घेणाऱ्या माणसाला तो पास स्वस्त पडतो. लिंबूपाणी आणि नारळपाणी पिणाऱ्या सासू-सासऱ्यांसाठी आणि मुलांसाठी मात्र तुम्ही शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या दारूचे पैसे भरत असता. त्यात जहाजावरचे जेवण तुमच्या तिकिटात धरलेलेच आहे, तेव्हा एकाच दुपारच्या जेवणाचे पैसे दोनदा जातात हे मामंजींचे गणित बरोबर आहे. चूक एवढीच की जहाजावरचा तलाव हा समुद्र नव्हे, आणि साताऱ्याहून एवढ्या लांब आलेल्या आजी-आजोबांना नातवंडांबरोबर त्या निळ्या पाण्यात पाय बुडवायचे असतील, तर ती गोष्ट अकराव्या मजल्यावरच्या क्लोरीनच्या पाण्यात होत नाही.

समुद्र फुकट असतो, असे ते यावर म्हणतील, आणि तेही खरेच आहे. मेक्सिकोच्या कायद्यानुसार समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता आहे. कोणत्याही हॉटेलला वाळू किंवा पाणी विकता येत नाही. ते विकतात ती सावली, खुर्ची, स्वच्छतागृह, गोड्या पाण्याचा नळ आणि रस्त्यापासून पाण्यापर्यंतची वाट. पूर्वेच्या बाजूला सान मार्तिनसारखे मोकळे, सुंदर, फुकटचे किनारे आहेत, परंतु तिथे खुला कॅरिबियन समुद्र थेट येऊन आदळतो, लाटा आणि ओढ दोन्ही जोरदार असतात आणि पाच वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे पाण्यात उतरणे मी कोणालाही सुचवणार नाही. शांत पाणी बेटाच्या पश्चिमेला, म्हणजे मुख्य भूमीकडे तोंड केलेल्या बाजूला आहे. जहाजांचे धक्केही तिकडेच आहेत आणि पास विकणाऱ्या बहुतेक जागाही तिकडेच.

आता वेळेचा प्रश्न, आणि माझ्या मते तुमचा सगळा निर्णय यावरच ठरतो. कोझुमेल ज्या किंताना रो राज्यात आहे, त्या राज्याने २०१५ च्या फेब्रुवारीत आपले घड्याळ बदलले आणि तेव्हापासून तिथे वर्षभर एकच वेळ चालते. उन्हाळ्या-हिवाळ्यात काटे पुढेमागे करण्याची पद्धत नाही. टेक्सासमध्ये ती आहे. त्यामुळे उन्हाळ्यात गॅल्व्हस्टन आणि कोझुमेल यांची घड्याळे जुळतात, पण तुम्ही जाणार त्या डिसेंबरात कोझुमेलचे घड्याळ एक तास पुढे असते. काही जहाजे बंदराप्रमाणे आपली वेळ बदलतात, काही निघालेल्या बंदराचीच वेळ शेवटपर्यंत ठेवतात, आणि तुमचे पत्रक ज्या वेळेत छापले आहे ती जहाजाची वेळ असते. जहाजाने वेळ बदलली नाही तर त्यांचे ८ ते ५ म्हणजे बेटावरचे ९ ते ६. किनाऱ्यावर उतरताच तुमचा मोबाइल आपणहून बेटाची वेळ दाखवू लागेल आणि जहाजाची वेळ साडेचार असताना त्यावर साडेपाच दिसतील. तुमच्या बाबतीत ही चूक झाली तरी फार तर तुम्ही तासभर आधी परत याल. खरा घोळ होतो तो मायामीहून उन्हाळ्यात निघणाऱ्या प्रवाशांचा, कारण तेव्हा बेटाचे घड्याळ जहाजाच्या एक तास मागे असते आणि मोबाइलवर विसंबलेली माणसे धक्क्यावरून धावत सुटलेली दिसतात. तेव्हा जहाजावर उतरण्याच्या दाराशी लावलेली वेळ पाहून एक साधे काट्यांचे घड्याळ जुळवून घ्या, आणि ते मनगटावर कोणाच्या राहील हेही आधीच ठरवा. सासऱ्यांचे जुने घड्याळ या कामाला उत्तम.

त्या ८ ते ५ मधले किती तास तुमच्या हाती लागतात ते पाहा. आठ वाजता जहाज धक्क्याला लागते, पण बंदर अधिकाऱ्यांची मंजुरी मिळून दार उघडेपर्यंत थोडा वेळ जातो. मग हजारो माणसे एकाच वेळी जिन्याकडे निघतात. दोन वृद्ध आणि एक लहान मूल घेऊन तुम्ही नऊच्या आधी धक्क्यावर याल, असे मला वाटत नाही. कोझुमेलचे धक्के लांब आहेत, पुएर्ता माया या धक्क्यावर उतरलात तर दुकानांच्या वाडीतून चालत गेल्यावर पलीकडे टॅक्सी मिळते, आणि तिथे रांग असते. गाडीचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचाच, पण वाळूवर पोहोचायला पावणेदहा वाजणार. सगळ्यांनी जहाजावर परतण्याची वेळ सुटण्याच्या आधी अर्धा तास, काही कंपन्यांत तासभर असते. ती साडेचार धरली आणि तुमच्या यजमानांच्या धास्तीचा मान राखून दीड तास हाताशी ठेवला, तर वाळूवरून तीनला उठायला हवे. म्हणजे सव्वापाच तास. पासवर "९ ते ५" असे आठ तास लिहिलेले असतात, आणि बेटाच्या वेळेनुसार तुम्ही तिथे पावणेअकरा ते चार एवढेच असाल.

समजा, मोठ्या माणसाचा पास ९० डॉलरचा आणि मुलाचा ४५ चा आहे. (हे आकडे हिशेबापुरते धरले आहेत, हंगामाप्रमाणे दर बदलतात आणि तुम्ही जाल तो आठवडा वर्षातला महागातला आहे.) चार मोठे आणि दोन लहान मिळून ४५० डॉलर होतात. ते सव्वापाच तासांवर विभागले, की ताशी सुमारे ८६ डॉलर पडतात, आणि त्यात टॅक्सी आणि बक्षिसी धरलेली नाही. एवढी रक्कम मोजण्यासारखे तिथे तुमच्या घरातले कोण काय करणार आहे, हा प्रश्न सहाही जणांसाठी वेगवेगळा विचारा. पास "कुटुंबाचा" म्हणून घेतला जातो आणि वापरला जातो माणशी, त्यामुळे घरटी निर्णय घेणाऱ्यांचे पैसे हमखास वाया जातात.

माझ्या अंदाजाने तुमच्या घरात रिसॉर्टचा पूर्ण पास वसूल करणारे कोणी नाही. तुम्हाला हवी आहे ती त्याच पश्चिम किनाऱ्यावरची दुसऱ्या जातीची जागा, जिला तिथे बीच क्लब म्हणतात. धक्क्यांपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या एकाच रस्त्यावर पॅराडाइज बीच, मिस्टर सांचोज, नाची कोकोम अशा कितीतरी जागा एकापुढे एक लागतात. यांना खोल्या नसतात. तलाव, वाळू, छत्र्या, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहे असतात. काही ठिकाणी खाणेपिणे धरूनच दर असतो. काही ठिकाणी थोडे प्रवेशशुल्क किंवा किमान एवढ्याचे खा अशी अट असते आणि मग जे मागवाल त्याचेच बिल. नाची कोकोमसारखी जागा दिवसाला मोजक्याच लोकांना घेते, त्यामुळे तिथे शांतता असते पण आयत्या वेळी जागा मिळत नाही. तुमच्यासाठी दुसऱ्या प्रकारची, म्हणजे जेवढे खाल तेवढेच पैसे घेणारी जागा योग्य. पाण्यातल्या फुगवलेल्या घसरगुंड्या अनेक क्लबांत असतात आणि अकरा वर्षांच्या मुलाला त्यापुढे रिसॉर्टचा संगमरवरी तलाव फिका वाटेल. मात्र या घसरगुंड्यांचे पैसे पुष्कळदा वेगळे असतात, हे आधी विचारा.

आता सासूबाई. पास घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न दराचा नसून "पाण्यात वाळूवरून चालत जाता येते का?" हा असला पाहिजे. कोझुमेलच्या पश्चिम किनाऱ्याचा बराच भाग हा टोकदार, काळपट प्रवाळखडकाचा आहे. अशा ठिकाणची हॉटेले खडकावर सिमेंटचा ओटा बांधतात, त्यावर वाळू पसरतात, छत्र्या लावतात आणि समुद्रात उतरायला लोखंडी शिडी देतात. छायाचित्रात हे नितांतसुंदर दिसते, आणि नळी लावून मासे पाहणाऱ्यांना असाच किनारा आवडतो, कारण शिडीवरून उतरल्याबरोबर मासे दिसतात. पण शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याने हलत्या पाण्यात शिडी चढणे शक्य नाही, आणि मग त्या दिवसभर ओट्यावर बसून राहतील. वर नावे घेतली ते क्लब दक्षिणेच्या वाळूच्या पट्ट्यात आहेत आणि तिथे पाणी हळूहळू खोल होते. जाता जाता सांगतो, वाळूवर मासे कमी असतात. ज्यांना प्रवाळ पाहायचे आहे त्यांनी बोटीने बेटाजवळच्या पालांकार किंवा कोलोंबिया या प्रवाळरांगांकडे जावे, तो भाग १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथल्या पाण्यात साधे सनस्क्रीन लावून उतरू देत नाहीत. तुमच्या यजमानांना पोहता येत असेल तर त्यांच्यासाठी हा वेगळा विषय होऊ शकतो, परंतु सव्वापाच तासांत बोट आणि वाळू दोन्ही करण्याचा मोह टाळा.

पोशाखाविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण आपल्याकडच्या बायकांचा दिवस इथेच बिघडतो म्हणून लिहितो. समुद्रात कोणी काहीही घालून उतरले तरी हरकत घेत नाही. तलावात मात्र सुती पंजाबी ड्रेस किंवा गाऊन चालत नाही आणि रखवालदार येऊन सांगतो, तेव्हा माणसाला चारचौघांत ओशाळे वाटते. पोहण्याच्या कापडाची लांब विजार आणि पूर्ण बाह्यांचा वरचा भाग मिळतो, तो ह्यूस्टनमध्येच घेऊन ठेवा. त्याने ऊनही लागत नाही. डिसेंबरातले ऊन म्हणून हसू नका: कोझुमेल साधारण आपल्या मालेगावच्या अक्षांशावर आहे, आणि पांढरी वाळू व पाणी खालूनही भाजतात.

जेवणाच्या बाबतीत "शाकाहारी" या एका शब्दावर विसंबू नका. तिथे "सिन कार्ने", म्हणजे मांसाशिवाय, असे सांगितले तर पुष्कळदा फक्त गाय-डुकराचे मांस वगळले जाते आणि कोंबडी निष्पाप मनाने ताटात येते. म्हणून "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" असे मांस, कोंबडी आणि मासे या तिघांचे नाव घेऊन सांगा. लपलेल्या जागा आणखी दोन आहेत. परतलेल्या घेवड्याची जी लगदा-भाजी मिळते, तिला डुकराच्या चरबीची फोडणी असू शकते. चरबीला तिथे "मांतेका" म्हणतात, तेव्हा "सिन मांतेका" असे विचारा. आणि तांबूस रंगाचा भात बहुधा कोंबडीच्या रसात शिजवलेला असतो. मक्याच्या टॉर्टिया, ग्वाकामोले, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, चीज घालून भाजलेली केसादिया, फळे आणि भाजलेला मका यांवर सासूबाईंचे उत्तम भागेल. त्यात मक्याच्या टॉर्टिया आपल्या भाकरीच्या जवळच्या असल्याने त्यांना घरच्यासारखे वाटण्याचीच शक्यता अधिक. बुफे असलेल्या रिसॉर्टमध्ये कोणत्या चमच्याने काय वाढले याचा भरवसा नसतो. क्लबात ताट मागवले की निदान कोणाला विचारायचे ते माहीत असते. जेवणासाठी म्हणूनसुद्धा माझा कौल क्लबाकडेच आहे.

तुमच्या यजमानांच्या धास्तीबद्दल. जहाजाने विकलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते किंवा पुढच्या बंदरापर्यंत नेण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः काढलेल्या पासच्या बाबतीत ती सर्वस्वी तुमची असते. या हमीसाठी जहाज त्याच जागेच्या त्याच खुर्चीचे जास्त पैसे घेते. लांबच्या सहलीसाठी, उदाहरणार्थ फेरीबोटीने मुख्य भूमीवर जाऊन तुलुम या जुन्या माया नगरीचे अवशेष पाहायचे असतील, तर ही हमी घेतलीच पाहिजे. परंतु तुमचा क्लब आणि धक्का एकाच सरळ रस्त्यावर पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहेत आणि तुम्ही दीड तास राखून ठेवला आहे; टॅक्सी बिघडली तर दुसरी मिळेल. इथे हमी विकत घेण्याची गरज मला दिसत नाही. टॅक्सीला तिथे मीटर नसतो. धक्क्यावर दरांचा फलक असतो, दर गाडीमागे आणि सहसा चार माणसांपर्यंत असतो, त्यामुळे तुम्हा सहा जणांना मोठी गाडी मागावी लागेल आणि तिचा दर बसण्याआधी ठरवावा लागेल, डॉलरमध्ये की पेसोत हेही स्पष्ट करून. परतीची गाडी क्लबच्या दारातच उभी असते, तिच्यासाठी आगाऊ पैसे देऊ नका.

एक बाब मात्र यजमानांच्या बाजूने जाते. नोव्हेंबर ते मार्च या काळात मेक्सिकोच्या आखातावरून थंड वाऱ्याची लाट उतरते, तिला तिकडे "नोर्ते" म्हणतात. तो जोरात असला की कोझुमेलला जहाज लावणे धोक्याचे होते आणि कप्तान बंदर वगळून पुढे जातो. जहाजाच्या सहलीचे पैसे अशा वेळी आपोआप परत मिळतात, स्वतः काढलेल्या पासचे मिळतीलच असे नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी दुसऱ्या एका बेटावरच्या हॉटेलचा पास, सवलत दिसली म्हणून, परतावा नसलेल्या दराने काढला होता. जहाज वाऱ्यामुळे वळले, आणि हॉटेलने अत्यंत नम्र शब्दांत कळवले की हॉटेल त्या दिवशी उघडे होते, आम्हीच आलो नाही. तर्क बिनतोड होता. तेव्हापासून "जहाज न आल्यास पूर्ण परतावा" हे शब्द लेखी नसतील तिथे मी पैसे भरत नाही. कोझुमेलचे बरेच क्लब थोडी अनामत घेऊन उरलेले पैसे आल्यावर घेतात, ती पद्धत उत्तम. आणखी, आरक्षणात तारखेबरोबर जहाजाचे नाव लिहा आणि वेळ मागितली तर बेटाच्या घड्याळाची द्या, जहाजाच्या नव्हे.

मामंजींना इतके सांगूनही पटले नाही, तर त्यांना जहाजावर राहू द्या, आणि हे मी रुसव्यावरचा उपाय म्हणून सांगत नाही. बंदराच्या दिवशी जहाज ओस पडते. ज्या तलावाभोवती इतर दिवशी एक खुर्ची मिळत नाही, तिथे ते वर्तमानपत्र पसरून बसू शकतील. दुपारी जेवून ते एकटेच धक्क्यापर्यंत फेरी मारून परतही येऊ शकतात. पण पैशाचा प्रश्न क्लबच्या हिशेबाने मिटला असेल, तर मला वाटते ते येतील.

कागदपत्रांचे थोडक्यात. सासू-सासऱ्यांच्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असल्याने मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. उतरताना प्रत्येकाजवळ जहाजाचे कार्ड आणि मोठ्यांजवळ छायाचित्र असलेले ओळखपत्र हवे. पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवून त्यांच्या पानांची छायाचित्रे तुमच्या आणि यजमानांच्या अशा दोन्ही मोबाइलमध्ये ठेवा. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर बंदरातल्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो, तो कागदावर लिहून सासऱ्यांच्या खिशात द्या, कारण मोबाइलची बॅटरी वाळूवर नेमकी दुपारीच संपते.

क्लबात टॉवेल मिळतोच असे नाही, म्हणून जहाजावरचे सहा टॉवेल बरोबर न्या आणि टॅक्सीत बसण्यापूर्वी मोजा. हरवलेल्या टॉवेलचे पैसे बहुतेक जहाजांवर केबिनच्या खात्यात लागतात.